जवारीचा चहा

दस्तगीरभाईंचा चहा गार व्हायला लागला, तिथून ही गोष्ट सुरू होते.

तसं पाहिलं तर चहा गार होणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. पण मिरजेतल्या त्या गल्लीत, जिथे पुढच्या खोलीत तंबोरे घडतात आणि मागच्या खोलीत भाकऱ्या, तिथे दस्तगीरभाईंनी चौतीस वर्षं गरम चहा प्यायला होता. जवारी लावून झाली, कानस खाली ठेवली, की पडदा हलायचा आणि त्यांची बायको खैरून कपबशी घेऊन यायची. त्यांनी कधी मागितला नाही आणि तिने कधी विचारलं नाही. यंदा मात्र ही बाई भलतीच घाई करायला लागली होती. काम ऐन रंगात असताना चहा आणून ठेवायची आणि न बोलता आत निघून जायची. यांचं उरकेपर्यंत चहावर साय धरलेली असायची.

"काम संपायच्या आधी चहा कशाला आणतीस गं?" एकदा ते वैतागून म्हणाले.

"मग गार पिऊ नका," पडद्याआडून उत्तर आलं.

"थांब की जरा. मी काय पळून चाललोय?"

यावर ती काहीच बोलली नाही. खैरून म्हणजे एका शब्दाला चार शब्द देणारी बाई. तिने गप्प बसावं हे खरं तर त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. पण समोर तार लावलेली होती, आणि तारेपुढे त्यांना जग दिसत नसे.

जवारी म्हणजे काय ते आधी सांगितलं पाहिजे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक रुंद घोडी बसवलेली असते आणि तारा तिच्यावरून जातात. घोडी दिसते सपाट, पण असते किंचित उतरती. केसाच्या जाडीएवढा तो उतार. छेडलेली तार त्या उतारावर हलकेच घासत राहते आणि त्या घासण्यातून एकाच स्वराच्या पोटातून वरचे बारीक बारीक स्वर उमटतात. म्हणून तंबोरा नुसता वाजत नाही, खोली भरून टाकतो. उतार कमी पडला तर आवाज बसका, म्हणजे जवारी बंद. जास्त झाला तर पत्रा बडवल्यासारखा. या दोहोंमधली जागा कानशीच्या दोन-तीन घाशांची, आणि ती कानालाच कळते. कमी घासलं तर पुन्हा घासता येतं. जास्त घासलं की घोडी वाया गेली.

दस्तगीरभाईंच्या घराण्यात ही शेवटची कानस थोरल्या पुरुषानेच धरायची. बायकांनी भोपळ्याला लाखेचा हात द्यायचा आणि नक्षीची पानं चिकटवायची. जवारीबद्दल त्यांनी तोंड उघडायचं नाही. जवारी पास झाली की ती लावणाऱ्याने घोडीच्या पोटाशी शिसपेन्सिलीने खूण करायची. आजोबांच्या दोन रेघा होत्या, अब्बांची चंद्रकोर आणि दस्तगीरभाईंचे तीन ठिपके. धारवाडपासून कोलकात्यापर्यंत गवई घोडी उलटी करून ते तीन ठिपके बघत आणि मगच तंबोरा मांडीवर घेत.

आणि हा माणूस आज जिवंत होता तो नवमिनिटीमुळे.

नवमिनिटी हे नाव गावाने ठेवलेलं. यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं, पण एवढं खरं की अंगाचं डोक्यापासून पायापर्यंत चित्र काढायला त्याला नऊच मिनिटं लागत. पूर्वीच्या स्कॅनला पाऊण तास लागायचा, आणि आवाज असा की आत कुणी हातोडे मारतंय. लोहचुंबकाचं बळ आणि वेग वाढला तसा हा धडधडाटही वाढला होता. मग बनवणाऱ्यांनी एक टोपी काढली. धडधडाटाची जी लहर येईल तिची बरोबर उलटी लहर टोपी कानाशी सोडायची. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकायच्या. उरलीसुरली कुरकुर झाकायला मंद बासरी वाजायची. लोक आत पडून चक्क डुलक्या काढत. चाळिशीपुढच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा नवमिनिटी करून घ्यायची, असा सरकारने प्रघातच पाडला होता. मिरज तर पहिल्यापासून दवाखान्यांचं गाव. इथे चार यंत्रं होती आणि चारही सदा गजबजलेली.

पाच वर्षांपूर्वी, नवमिनिटी आली त्याच वर्षी, तिने दस्तगीरभाईंच्या स्वादुपिंडात ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ शोधली. डॉक्टर म्हणाले, एरवी ही कळेपर्यंत उशीर झालेला असतो. गाठ काढली. तेव्हापासून दर चार महिन्यांनी नऊ मिनिटं ते त्या नळीत पडत. खैरूनला मात्र ती वाट बंद होती. बावीस वर्षांपूर्वी मेंदूतली शीर फुटली तेव्हा तिच्या डोक्यात पोलादी चिमटा बसवला होता. तो जुन्या घडणीचा. चुंबकाजवळ नेला तर जागचा हलला असता. तिच्या कार्डावर लाल शिक्का होता आणि अख्खी गल्ली हळहळायची, "बिचारीला मशीन चालत न्हाई."

श्रावण संपता संपता पद्मिनीताई शिरगावकर मिरजेत आल्या. सत्तरीच्या गायिका. वीस वर्षं दस्तगीरभाईंच्या तंबोऱ्याशिवाय बसल्या नव्हत्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी नवी जोडी नेली होती. ती जोडी घेऊनच त्या आल्या आणि गवसणी न काढता म्हणाल्या, "दस्तगीरभाई, हे तंबोरे ओरडतात."

दस्तगीरभाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय करतात?"

"ओरडतात. षड्ज लावला की कानाशी भांडी घासल्यासारखं होतं. मी रियाज सोडून उठते हो."

त्यांनी तंबोरा घेतला, छेडला. स्वच्छ होता, खुला आणि भरदार. "ताई, गेल्या वर्षभरात चाळीस तंबोरे गेले माझे. सगळे म्हणतात, आता खरी जवारी खुलली. राग मानू नका, पण तुमचं वय झालंय. कानाचंही होतं."

पद्मिनीताईंचा चेहरा उतरला. भांडायची बाई, पण भांडल्या नाहीत. "होत असेल," म्हणाल्या. "मला तर डॉक्टर नवमिनिटीतही घालत नाहीत, छातीत जुनं यंत्र आहे म्हणून. कान तपासायला सांगते. पण जोडी ठेवून जाते. घेऊन गेले तरी लावणार नाही."

त्या गेल्या आणि जोडी कोपऱ्यात राहिली. दस्तगीरभाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. "ऐकलंस का?" ते पडद्याकडे बघून म्हणाले. "म्हणे भांडी घासल्यासारखं!"

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला.

पुढच्या आठवड्यात स्कॅनआधीच्या साध्या तपासणीला गेल्यावर त्यांनी ही कैफियत डॉ. केतकी मगदूमना सांगितली. केतकी नवमिनिटीच्या विभागाची प्रमुख. गाणं शिकलेली, आणि शिकत असताना त्यांच्याचकडून घेतलेला तंबोरा अजून वापरणारी. दस्तगीरभाई खुर्चीत बसून पद्मिनीताईंची टिंगल करत होते आणि ती हसत ऐकत होती. मध्येच तिचं हसू थांबलं.

"काय म्हणालात? त्यांना स्कॅन चालत नाही?"

"न्हाई. छातीत जुनं यंत्र हाय."

"आणि बाकीचे सगळे म्हणतात जवारी चांगली."

"सगळे."

केतकीने त्यांच्या फायलीतल्या स्कॅनच्या तारखा मोजल्या. मग म्हणाली, "चाचा, शुक्रवारी एक नवा तंबोरा घेऊन याल?"

शुक्रवारी दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिने एक चादर आडवी बांधली. चादरीमागे दोन तंबोरे ठेवले आणि ती स्वतः ते एकामागून एक छेडत राहिली. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या तेवीस जणांना बसवलं. कोणता गोड वाटतो, पहिला की दुसरा, एवढंच सांगायचं. पहिला मान दस्तगीरभाईंना.

त्यांनी डोळे मिटले. पहिला वाजला, मग दुसरा. पुन्हा पहिला. त्यांना हसूच आलं.

"दुसरा. विचारायचं काम न्हाई. पहिला बसलाय बगा, तोंडात घास ठेवून बोलल्यासारखा. कुणा शिकाऊ माणसानं केलाय, घाबरत घाबरत कानस धरलीय."

चादरीमागे केतकीने कागदावर खूण केली. तेवीस जणांचं झाल्यावर ती कागद घेऊन त्यांच्यासमोर बसली. सतरा जणांनी नवमिनिटी केलेली होती. त्यातल्या पंधरा जणांनी दुसरा निवडला. सहा जणांनी कधीच केलेली नव्हती. त्यात दोन तरुण नर्स होत्या, चाळिशीच्या आतला आचारी होता, मांडीत जुना छर्रा असलेला निवृत्त फौजदार होता. सहाच्या सहा जणांना पहिला गोड वाटला आणि दुसरा कर्कश.

"पहिला कुणाचा होता?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

केतकीने चादरीमागून तंबोरा आणला आणि तारा ढिल्या करून घोडी उलटी केली. पोटाशी तीन ठिपके होते. आठ वर्षांपूर्वीचे, तिच्यासाठी केलेल्या जवारीचे.

दस्तगीरभाई ते ठिपके बघत राहिले. आपल्याच हाताला आपण शिकाऊ म्हटलं, हे त्यांना हळूहळू कळत गेलं.

"मलाही दुसराच आवडला, चाचा," केतकी हळूच म्हणाली. "आणि हा रोज माझ्या मांडीवर असतो. माझेही आजवर पाच स्कॅन झालेत."

मग तिने त्यांना समजावून सांगितलं. टोपी कानात येणारा आवाज मारते, पण आवाजाला कानाचीच वाट हवी असते असं नाही. डोकं ज्या उशीवर टेकलेलं असतं तिच्यातून एक अतिशय बारीक, उंच शिट्टी कवटीच्या हाडात शिरते आणि थेट आतल्या कानात पोचते. वर बासरी चालू असते म्हणून ती कळत नाही. कळत नाही, पण लागते. आतल्या कानात स्वर झेलणारे हजारो बारीक केस असतात, आणि त्यांना मेंदूशी जोडणारे तंतू त्याहून नाजूक. उंच स्वरांकडचे तंतू दर वेळी थोडे थोडे सुटत जातात. बोलणं ऐकू येतं, फोन ऐकू येतो, कानाची साधी तपासणीही ठणठणीत निघते. जातात ते फक्त स्वराच्या पोटातले वरचे स्वर.

"म्हणजे जवारी," दस्तगीरभाई म्हणाले.

"हो. तुम्हाला ते कमी ऐकू यायला लागले म्हणून तुम्ही जास्त घासत गेलात. आणि घेणाऱ्यांचेही कान तसेच, म्हणून कुणी तक्रार केली नाही."

"गेलेले परत?"

तिने मान हलवली. "गेलेले परत येत नाहीत, चाचा. असलेले जपता येतील. निरोगी माणसांचे स्कॅन मी आजपासून थांबवते आणि यंत्रवाल्यांना लिहिते. उशी बदलतील, वेळ वाढवतील, त्याला वर्ष जाईल. पण तुमचा बुधवारचा आहे. दाण्याएवढं काही परत येतंय का ते दुसऱ्या यंत्राला दिसणार नाही. मी तुमच्या जागी असते तर केला असता. आणि दर वेळी कान आणखी थोडा जाईल, हेही लपवत नाही."

दस्तगीरभाई घरी आले ते थेट कोपऱ्यातल्या जोडीपुढे बसले. चाळीस तंबोरे त्यांच्या डोळ्यांपुढून जात होते. चाळीस घरांत ते ओरडत होते, आणि प्रत्येकाच्या पोटाशी त्यांचे तीन ठिपके होते. सोमवारी त्यांनी दवाखान्यात फोन करून सांगितलं, "बुधवारी जमायचं न्हाई. परगावी जायचंय." पुढची तारीख मागितली नाही.

माणसाने निर्णय घेतला की त्याला जरा मोकळं वाटतं, तसं त्यांना वाटलं. कान आहे तेवढा तरी राहील. गाठीचं काय, आली तर आली. अब्बाही साठीतच गेले. पण दवाखान्यात सोमवारी फोन घेणारी मुलगी पक्की होती. मंगळवारी सकाळी तिने घरच्या नंबरवर उलटा फोन केला आणि तो खैरूनने उचलला.

ती पीठ लागल्या हातांनी पुढच्या खोलीत आली. पडद्याच्या अलीकडे ती काम चालू असताना कधी येत नसे, चहा ठेवण्यापुरतीच.

"परगावी कुठं चाललाय तुम्ही?"

दस्तगीरभाईंनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. सगळं सांगितलं. कॅन्टीनमधली चादर, तीन ठिपके, उशीतली शिट्टी. "कान गेल्यावर मी कोण, खैरून? भोपळे कापणारा एक सुतार."

"आणि तुम्ही गेल्यावर मी कोण?"

ती खाली बसली, त्यांच्यासमोर, लाकडाच्या भुशात.

"एक विचारू का? चौतीस वर्षं मी चहा कवा आणते?"

"काम झाल्यावर."

"काम झालं हे मला आत कसं कळायचं?"

त्यांना एकेक चहा आठवायला लागला. हुबळीच्या बुवांचा तंबोरा वीस मिनिटांत खुलला होता. चहा वीस मिनिटांनी आला होता. एक शिसवी घोडी सकाळपासून हट्टाला पेटली होती, दुपार कलून असरच्या नमाजापर्यंत दाद देत नव्हती; चहा तेव्हा आला होता. एकदाही आधी नाही, एकदाही नंतर नाही. यंदाचं वर्ष सोडून.

"शेवटचे पाच-सहा घासे राहिले की मी पातेलं ठेवायची," खैरून म्हणाली. "इकडं जवारी खुलायची, तिकडं उकळी. यंदा मी चहा आणला तवा तुमचं काम झालेलंच असायचं. तुम्ही पुढं घासत बसायचा."

"तुला कसं गं कळतं?"

"रोज या भिंतीमागं भाकऱ्या थापल्या. कान काय पिठात मळून टाकू?"

"मग बोलली का न्हाईस?" ते ओरडलेच. "चाळीस तंबोरे गेले खैरून, चाळीस!"

तिचे डोळे भरून आले. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या अब्बांनी सांगितलं, पडद्याच्या आतल्यांनी बाहेरच्या तारेवर बोलायचं न्हाई. न्हाई बोलले. चहा आणून ठेवत गेले. वाटलं, चौतीस वर्षांची सवय हाय, कळंल. तुम्ही गार करून प्यालात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. कॅन्टीनमध्ये चादर बांधून जे कळलं ते घरात पडदा बांधून दडवलं होतं. दस्तगीरभाई उठले, तिच्याजवळ गेले आणि तिच्या पिठाच्या हातांवर डोकं टेकून रडले. तीही रडली. बराच वेळ दोघांना कुणी हाक मारली नाही, हे बरं झालं.

बुधवारी दोघं दवाखान्यात गेली. यंत्राच्या दालनापुढे जमिनीवर लाल पट्टा होता. लाल शिक्क्याची खैरून त्याच्या अलीकडे थांबली. दस्तगीरभाई नळीत पडले. टोपी घातली, बासरी सुरू झाली. तिच्याखाली काय चाललंय हे आता त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक मिनिटाला काहीतरी सुटतंय, असं वाटत राहिलं. त्यांनी पडद्यामागच्या पातेल्याचा विचार केला आणि नऊ मिनिटं काढली. चित्र स्वच्छ निघालं. केतकीने बाहेर येऊन सांगितलं तेव्हा खैरून लाल पट्ट्यावरून पाऊल टाकायचीच बाकी होती.

गुरुवारी सकाळी त्यांनी पद्मिनीताईंचा तंबोरा पुढे ओढला. जुनी घोडी उपटून काढली आणि नवी शिसवी घोडी बसवली.

"इथं बस," ते खैरूनला म्हणाले. "समोर."

"न्हाई. समोर बसले की तुमचं तोंड दिसतं. मग मला तुमच्या मनासारखं ऐकू येईल." ती आत गेली आणि पडदा पडला.

त्यांनी कानस धरली. घासा, तार बसवणं, आवाज खुलायची जागा शोधायला तारेखाली सुताचा दोरा सरकवणं, छेडणं. पुन्हा तार काढणं, पुन्हा घासा. तास गेला. आवाज बसका होता तो हळूहळू उठायला लागला, पण खुलला नव्हता. आत पातेलं ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी हात आणखी हलका केला. एक घासा. छेडलं. बंद. दुसरा घासा. छेडलं. त्यांच्या कानाला अजून बंद. चौथ्या घाशालाही बंद. आणखी दोन मारले तर खुलेल, अशी त्यांच्या कानाने शपथ घेतली असती.

पडदा हलला. चहा आला.

हातातली कानस घोडीपासून बोटभर अंतरावर थांबली. चौतीस वर्षांचा हात तो. त्याला मागे घेणं सोपं नव्हतं. दस्तगीरभाईंनी ती खाली ठेवली. घोडी उलटी केली आणि खिशातली शिसपेन्सिल काढून खैरूनपुढे धरली. तिने पदराला हात पुसले, पेन्सिल घेतली आणि काय काढावं ते न सुचून एक छोटा गोल काढला, कपाच्या तोंडासारखा.

घोडी बसवून त्यांनी चारही तारा लावल्या आणि सावकाश छेडल्या. त्यांना जे ऐकू आलं ते बसकंच होतं. खैरूनने मात्र डोळे मिटले होते.

"खुलली?" दस्तगीरभाईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कुणाला विचारला नव्हता.

तिने डोळे उघडले नाहीत.

"आधी चहा प्या," ती म्हणाली. "गरम हाय."